स्पॅनिश सर्फिंगचं इंग्रजी करताना आधी किनारा कोणता ते विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कांताब्रियातल्या एका सर्फ स्कूलची वेबसाइट आणि तिथल्या किनाऱ्याची छोटी गाइड स्पॅनिशमधून इंग्रजीत करायची आहे. स्पॅनिश बी२ पर्यंत, म्हणजे मध्यमच्या वरच्या पातळीपर्यंत, झालेलं आहे, सर्फिंगचा गंध नाही. शब्दकोशात ‘रेसाका’ काढला तर हँगओव्हर आणि अंडरटो मिळतं, ‘मारेहादा’ काढला तर खवळलेला समुद्र. पुढे पेरूचाही मजकूर येणार आहे. तेव्हा एखादी तयार शब्दसूची मिळेल का?

शब्दसूची देते, पण तुकड्यातुकड्याने आणि थोडी कुरकुर करत. कारण या विषयात दोन रकान्यांची सूची फार लवकर दगा देते. एकच उदाहरण पाहा. ‘बार्रा’ हा शब्द बास्क प्रांतातल्या मुंदाकाबद्दल आला तर तो नदीमुखावरचा वाळूचा दांडा, म्हणजे सँडबार. तिथली डावी लाट पूर्णपणे त्या वाळूवर अवलंबून आहे. २००३ मध्ये तिथल्या रीआतला, म्हणजे नदीमुखातला, गाळ उपसल्यावर वाळूची ठेवण बिघडली आणि २००५ ची जागतिक स्पर्धा रद्द करावी लागली. तोच ‘ला बार्रा’ ग्रान कानारियातल्या लास कांतेरास किनाऱ्याबद्दल आला, की तो किनाऱ्याला समांतर असलेला खडकाचा नैसर्गिक बांध, म्हणजे रीफ. तिथे कोणी सँडबार लिहिलं आणि वाचणारा त्या भरवशावर डोक्यावर आपटला, तर खाली वाळू नाही, दगड आहे. म्हणून माझ्या सूचीत तीन रकाने असतात: शब्द, किनारा, आणि हे वाचून माणूस काय करणार आहे. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

त्याच रकान्यामुळे मी सुरुवात ‘रेसाका’पासून करते. या एका शब्दात स्पॅनिश माणूस तीन गोष्टी बसवतो. लाट फुटून वर आलेलं पाणी उतारावरून परत जातं, ते बॅकवॉश. उभ्या उताराच्या किनाऱ्यावर तेच परतणारं पाणी पाय ओढतं, त्याला लोक अंडरटो म्हणतात. आणि वाळूच्या दोन दांड्यांमधल्या खोलगट वाटेने समुद्राकडे धावणारा अरुंद प्रवाह, तो रिप करंट. सरकारी स्पॅनिशमध्ये यासाठी ‘कोर्रिएन्ते दे रेतोर्नो’ किंवा ‘कोर्रिएन्ते दे रेसाका’ असं पूर्ण लिहितात, पण फलकावर आणि गाइडमध्ये नुसतं ‘ओहो कोन ला रेसाका’, म्हणजे रेसाकापासून सावध, असं असतं. आता अंडरटो म्हटलं की इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांसमोर आपल्याला खाली खेचणारं पाणी येतं. रिप खाली खेचत नाही, बाहेर नेतो. त्याच्याविरुद्ध पोहत राहिलं की माणूस दमतो आणि बुडतो. सुटायचं तर किनाऱ्याला समांतर पोहायचं असतं. म्हणजे चुकीच्या शब्दाने चुकीची हालचाल होते. वाक्यात ‘कानाल’ (ती खोलगट वाट, चॅनेल), ‘एस्पिगोन’ (समुद्रात घुसवलेला दगडांचा बांध) किंवा नदीचं मुख असेल तर बहुतेक वेळा रिपच असतो. ‘एन ला ओरिया’, म्हणजे अगदी काठाला, असं असेल तर बॅकवॉश किंवा अंडरटो. कळत नसेल तर ग्राहकाला विचारा. आणि रिप टाइड हा शब्द टाळा. वर्तमानपत्रांना तो आवडतो, पण या प्रवाहाचा भरतीशी तसा संबंध नाही.

गंमत अशी की त्याच गाइडच्या पुढच्या पानावर हाच रिप मित्र झालेला असतो, कारण सर्फर त्याच्यावर बसून फुकट बाहेर जातात. तिथे ‘एन्त्रार’ हे क्रियापद येतं. ‘एन्त्रार पोर एल कानाल’ म्हणजे चॅनेलमधून पॅडल आउट करणं, फळीवर पालथं पडून हातांनी वल्हवत लाटांपलीकडे जाणं, आणि ‘सालीर’ म्हणजे किनाऱ्यावर परत येणं. मराठी माणसाला हे सहज पटतं, आपणही पाण्यात ‘शिरतो’ आणि ‘बाहेर येतो’. इंग्रजीत मात्र सर्फर आउट जातो आणि इन येतो. शब्दशः केलं की सूचनाच उलटी होते. शिवाय लाटसुद्धा ‘एन्त्रा’ करते: ‘एन्त्रा मार दे नोरोएस्ते’ म्हणजे वायव्येचा स्वेल, लांबून चालत आलेल्या लाटा, येऊन पोहोचतोय.

‘मारेहादा’चं दुखणं वेगळं आहे. शब्दकोश चुकीचा नाही, तो फक्त संदर्भ सांगत नाही. स्पेनच्या हवामान खात्याच्या अंदाजात समुद्राची अवस्था डग्लस मोजपट्टीवर सांगतात आणि तिथे प्रत्येक शब्दाची उंची ठरलेली आहे. ‘मारेहादिया’ म्हणजे ०.१ ते ०.५ मीटर, इंग्रजी पट्टीवर स्मूद. ‘मारेहादा’ म्हणजे ०.५ ते १.२५ मीटर, इंग्रजीत स्लाइट. ‘फुएर्ते मारेहादा’ १.२५ ते २.५ मीटर, म्हणजे मॉडरेट. ऐकायला ‘जोरदार’, प्रत्यक्षात मध्यम. त्यापुढे ‘ग्रुएसा’ रफ, ‘मुय ग्रुएसा’ व्हेरी रफ, ‘आर्बोलादा’ हाय, ‘मोन्तान्योसा’ व्हेरी हाय आणि १४ मीटरच्या वर ‘एनोर्मे’, म्हणजे फिनॉमिनल. शब्दाच्या आवाजावर जाऊ नका, पट्टीतला क्रमांक बघा आणि त्याच क्रमांकाचा इंग्रजी शब्द घ्या. अंदाजात ‘मारेहादा’ दिसल्यावर हेवी सी लिहिणं म्हणजे गुडघाभर पाण्याला वादळ ठरवणं.

आणि मग चिली येतं. तिथलं नौदल ‘आबिसो दे मारेहादास’ काढतं, अनेकवचनात, तेव्हा बंदरं बंद होतात आणि किनाऱ्यावरच्या रस्त्यांवर पाणी येतं. तिथे स्लाइट लिहिलंत तर कोणी तरी अंगावर येईल. मी हाय सर्फ वॉर्निंग किंवा स्वेल वॉर्निंग लिहिते, वाचक अमेरिकन आहे की ब्रिटिश त्यावरून. आपल्याकडे हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राकडून केरळ-कोकणच्या किनाऱ्यांसाठी कल्लक्कडलचे जे इशारे निघतात, ती साधारण याच जातीची गोष्ट: इथे वारा नाही, आभाळ स्वच्छ, आणि लांब दक्षिणेकडे उठलेला स्वेल येऊन किनाऱ्यावर चढतो. मेक्सिकोत याच अर्थाने ‘मार दे फोंदो’चा इशारा देतात. स्पेनच्या सर्फरसाठी मात्र ‘मार दे फोंदो’ हा आनंदाचा शब्द आहे, म्हणजे ग्राउंडस्वेल. आणि त्याच्या उलट ‘मार दे बिएन्तो’, जागच्या वाऱ्याने उठलेला, आखूड, विस्कटलेला, म्हणजे विंड सी किंवा सर्फरच्या भाषेत विंडस्वेल.

आता दिशा. ‘देरेचा’ म्हणजे उजवीकडे फुटणारी लाट, राइट. ‘इस्किएर्दा’ म्हणजे लेफ्ट. हे उजवं-डावं लाटेवर स्वार होऊन किनाऱ्याकडे तोंड केलेल्या माणसाचं असतं, वाळूवर उभं राहून पाहणाऱ्याचं नव्हे. इथवर स्पॅनिश आणि इंग्रजीचं एकमत आहे. पण गाइड लिहिणारा किनाऱ्याचं वर्णन समुद्राकडे तोंड करून करतो आणि लाटेचं वर्णन सर्फरच्या बाजूने, एकाच वाक्यात. ‘आ ला देरेचा दे ला प्लाया आय उना इस्किएर्दा’. अक्षरशः, किनाऱ्याच्या उजव्या बाजूला एक डावी आहे. इंग्रजीत मी ‘अ लेफ्ट ब्रेक्स अ‍ॅट द राइट-हँड एंड ऑफ द बीच, लुकिंग आउट टू सी’ असं लिहिते. ‘समुद्राकडे पाहताना’ हे तीन-चार शब्द मूळात नसले तरी घालते. त्याहून चांगलं म्हणजे नकाशा उघडून उजवं-डावं काढून टाकायचं आणि पूर्व टोक, पश्चिम टोक लिहायचं. कांताब्रियाचा किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे समुद्राकडे पाहताना उजवीकडे पूर्व. ग्राहकाने याबद्दल आजवर कधी तक्रार केलेली नाही, उलट आभार मानले आहेत.

एक पूर्ण वाक्य घेऊन बघू, तुमच्या गाइडमध्ये असलं वाक्य हमखास असणार: ‘फुन्सिओना कोन मार दे फोंदो देल नोरोएस्ते आ पार्तीर दे मेत्रो इ मेदियो, बिएन्तो सुर इ मेदिया मारेआ बाहान्दो.’ माझं इंग्रजी असं होईल: ‘वर्क्स ऑन अ ड्रॉपिंग मिड-टाइड, विथ अ मीटर अँड अ हाफ (फाइव्ह फीट) ऑर मोअर ऑफ नॉर्थ-वेस्ट ग्राउंडस्वेल अँड अ सदर्ली, ऑफशोअर विंड.’ ‘फुन्सिओना’चं वर्क्स हे दोन्ही भाषांत एकच आहे, तिथे कल्पकता नको. ‘बाहान्दो’ म्हणजे ओहोटी चालू असताना. फॉलिंगही चालतं, पण सर्फर ड्रॉपिंग म्हणतात, आणि भरती चढत असेल तर पुशिंग. दक्षिणेचा वारा उत्तराभिमुख किनाऱ्यावर जमिनीकडून येतो, म्हणजे लाटेचं तोंड उभं धरतो. कांताब्रियाच्या वाचकाला हे सांगावं लागत नाही, त्यांच्याकडे त्याला ‘सुरादा’ असं स्वतंत्र नावच आहे. मँचेस्टरहून आलेल्या नवशिक्याला सांगावं लागतं, म्हणून ऑफशोअर मी जोडलं. आणि दीड मीटरचे ४.९२ फूट करू नका. दीड मीटर हा अंदाज आहे, अंदाजाचं भाषांतर अंदाजानेच करायचं.

फुटांवरून एक भांडण नेहमी होतं, ते आधीच मिटवा. ग्राहकाला विचारा की ‘मेत्रो इ मेदियो’ ही बोयाने मोजलेली स्वेलची उंची आहे की लाटेच्या तोंडाची. बोयाची संख्या ही ‘आल्तुरा सिग्निफिकान्ते’ असते, म्हणजे सगळ्यात उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी. दोन लाटांमधला सेकंदांचा काळ लांब असेल तर दीड मीटरच्या स्वेलची फुटलेली लाट त्याहून बरीच उंच भरते. वर हवाईतले सर्फर लाट मागून मोजतात, त्यांचे पाच फूट म्हणजे तोंडाकडून साधारण दुप्पट. युरोपातल्या वाचकासाठी मी मीटर ठेवते आणि फूट सोबत देते.

भरती-ओहोटीत आपल्याला घरचा फायदा आहे. ‘मारेआ बीबा’ आणि ‘मारेआ मुएर्ता’, शब्दशः जिवंत आणि मेलेली भरती, म्हणजे आपलं उधाण आणि भांग. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. इंग्रजीत स्प्रिंग टाइड आणि नीप टाइड. स्प्रिंगचा वसंताशी संबंध नाही हे लक्षात असू द्या. ‘प्लेआमार’ हाय टाइड, ‘बाहामार’ लो टाइड. अडचण फक्त ‘कोएफिसिएन्ते’ची. स्पेन आणि फ्रान्समध्ये भरतीचा जोर २० ते १२० या आकड्यांत छापतात. इंग्लंड-अमेरिकेच्या तक्त्यांत ही पद्धत नाही. तेव्हा ‘कोएफिसिएन्तेस आल्तोस’ला टाइडल कोएफिशंट लिहून मोकळं होऊ नका, बिग स्प्रिंग टाइड्स लिहा, आकडा ठेवायचाच असेल तर एकदा खुलासा करून ठेवा.

फळीच्या भागांची नावं पटापट सांगते, इथे विचार करण्यासारखं फार नाही. ‘कीया’ बोटीच्या संदर्भात कील, फळीवर फिन. ‘आल्मा’, म्हणजे आत्मा, ही फळीच्या मधोमध असलेली लाकडाची पट्टी, स्ट्रिंगर. ‘कान्तो’ फळीची कड, रेल, ‘कोला’ शेपटाकडचं टोक, टेल, ‘पाराफीना’ वॅक्स (ब्रिटिश वाचकाला पॅराफिन म्हणजे रॉकेल वाटेल, सांभाळा). ‘इन्बेंतो’, अक्षरशः शोध किंवा जुगाड, म्हणजे घोट्याला बांधायची दोरी, लीश. ऑस्ट्रेलियन वाचक असेल तर लेग रोप. ‘निओप्रेनो’ म्हणजे वेटसूट. ‘तब्लोन’ लाँगबोर्ड. ‘एबोलुतीबा’ ही नवशिक्याने फोमच्या फळीवरून पुढे जाताना घ्यायची फळी. इव्हॉल्युटिव्ह असं काही इंग्रजीत नाही, मिनी-मॅल लिहा. ‘कुचारा’, म्हणजे चमचा, ही येणाऱ्या लाटेखालून फळीसकट बुडी मारायची युक्ती, डक डाइव्ह. ‘सेरिए’ एकामागोमाग येणारा लाटांचा गट, सेट. ‘ओरिएरा’ अगदी काठावर फुटणारी लाट, शोअरब्रेक. ‘कोर्चेरो’ म्हणजे बुचवाला, बॉडीबोर्डिंग करणाऱ्याला हिणवून म्हणायचा शब्द, आणि इंग्रजीत त्याला तसाच हिणवणारा स्पाँजर तयार आहे. इतकी जुळणी क्वचित मिळते. पण शाळेच्या वेबसाइटवर तो आला तर सरळ बॉडीबोर्डर करा, गिऱ्हाइकाचा अपमान कशाला.

शाळेच्या मजकुरात खरे घात साध्या शब्दांत होतात. ‘मोनितोर’ म्हणजे इन्स्ट्रक्टर. ‘इनिसिआसिओन’ बिगिनर आणि ‘पेर्फेक्सिओनामिएन्तो’ इम्प्रूव्हर. परफेक्शन कोर्स लिहिलंत तर लोक हसतील. ‘बान्यो’ म्हणजे सर्फरच्या तोंडी एक सेशन, पण फलकावर ‘प्रोइबीदो एल बान्यो’ म्हणजे पोहायला मनाई. दोन्हीकडे बाथ किंवा बाथरूम नको. ‘सोकोर्रिस्ता’ लाइफगार्ड. लॅटिन अमेरिकेत त्यालाच ‘साल्बाबीदास’ म्हणतात, आणि स्पेनमध्ये ‘साल्बाबीदास’ म्हणजे बुडत्याकडे फेकायची रिंग. निशाणांबद्दल एक ओळ स्वतःहून जोडायचा सल्ला ग्राहकाला द्या: स्पेनमध्ये पिवळं निशाण म्हणजे जपून. ब्रिटिश पर्यटकाच्या डोक्यात लाल-पिवळं निशाण म्हणजे लाइफगार्डच्या नजरेतली पोहायची जागा असं बसलेलं असतं. पिवळा दिसला की तो निर्धास्त होतो.

भूगोलाच्या शब्दांत आपल्याला, मराठी आणि भारतीय इंग्रजी बोलणाऱ्यांना, खास आपले असे दोन सापळे आहेत. पहिला क्रीक. ‘रीआ’ दिसली की हात आपोआप खाडीकडे आणि तिथून क्रीककडे जातो, कारण ठाणे क्रीक, वसई क्रीक आपल्या अंगवळणी पडलंय. अमेरिकन माणसासाठी क्रीक म्हणजे ओढा. गॅलिसियातल्या रुंद, खोल, बुडालेल्या दऱ्यांसाठी रीआ हाच शब्द इंग्रजी भूगोलाने उचललेला आहे, तिथे तो तसाच ठेवा. कांताब्रिया आणि बास्क किनाऱ्यावर मात्र लहानशा नदीमुखालाही रीआ म्हणतात, तिथे एस्चुअरी. दुसरा सापळा जेटी. आपली जेटी म्हणजे मांडव्याला बोट लागते ती. अमेरिकन सर्फरची जेटी म्हणजे किनाऱ्यापासून समुद्रात घुसवलेला दगडांचा बांध, आणि ब्रिटिश माणूस वाळू धरून ठेवणाऱ्या तसल्या बांधाला ग्रॉइन म्हणतो. ‘एस्पिगोन’ हाच. ‘मुएये’ म्हणजे बोट लागते ती जागा, पिअर किंवा की. ‘रोंपेओलास’ बंदराला आडोसा देणारा ब्रेकवॉटर. ‘एस्कोयेरा’ दगडांची रास टाकून केलेला. फोटो मागवा, मग ठरवा. नाव वाचून ठरवण्यात अर्थ नाही.

‘काला’ कोव्ह. ‘कालेता’ हाही स्पेनमध्ये छोटा कोव्ह, पण चिलीत मासेमारांची वस्ती आणि बोटी ओढायची जागा. फिशिंग कोव्ह असं लिहिते मी. अस्तुरियासमध्ये यानेस गावाजवळ ‘बुफोनेस दे प्रीआ’ आहेत. बुफोन म्हणजे शब्दकोशात विदूषक. इथे तो खडकातल्या भोकातून लाटेचं पाणी फुत्कारत वर उडतं तो ब्लोहोल. ‘मारेआ रोहा’ रेड टाइड, ठीक. पण ‘मारेआ नेग्रा’ म्हणजे ऑइल स्पिल. २००२ च्या नोव्हेंबरात प्रेस्टिज जहाज गॅलिसियासमोर फुटलं, त्यानंतरच्या मजकुरात ‘चापापोते’ हा शब्द जागोजाग येतो, किनाऱ्याला चिकटलेलं ते काळं चिकट तेल. टार लिहिते, पण गॅलिसियन माणसाच्या अवतरणात चापापोते तसाच ठेवते. आणि ‘फानेका ब्राबा’, अस्तुरियासमध्ये ‘एस्कारापोते’, हा वाळूत दडून बसणारा विषारी काट्याचा मासा, इंग्रजीत वीव्हर. पाय पडला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवतात. असली ओळ गाइडमध्ये असेल तर नाव अचूक पाहिजेच, कारण ते नाव वाचूनच कोणी इंटरनेटवर उपाय शोधणार.

जागांची नावं भाषांतरित करू नका. सुआन्सेसची ‘प्लाया दे लोस लोकोस’ ही लोस लोकोस बीच, वेड्यांचा किनारा नव्हे. चिलीतल्या ‘पुन्ता दे लोबोस’मध्ये लांडगे नाहीत, ‘लोबो मारीनो’ म्हणजे सी लायन, आणि तरीही नावात ते आणायचं नाही. बास्क गावांची आजची अधिकृत रूपं वापरा, मुंदाका आणि साराउत्स यांची स्पेलिंग बास्क पद्धतीने.

पेरूचं काम आलं की वरच्या सूचीतलं निम्मं बाजूला ठेवा. तिथे हा खेळ स्पेनच्या आधी रुजला. लिमाच्या मिराफ्लोरेसमधला वाइकीकी क्लब १९४२ चा, स्पेनमध्ये लाटांवर फळ्या दिसायला लागल्या साठच्या दशकात. १९६५ ला पुन्ता रोकासच्या जागतिक स्पर्धेत पेरूचा फेलिपे पोमार जिंकला. त्यामुळे त्यांचे शब्द त्यांचेच आहेत. सर्फिंग म्हणजे नुसतं ‘तब्ला’, सर्फर ‘तब्लिस्ता’, सर्फ करणं ‘कोर्रेर ओलास’, आणि लीश म्हणजे ‘पीता’. ‘कोर्रेर’चं रन करू नका. वांचाकोच्या कोळ्यांचे ‘काबायितोस दे तोतोरा’, म्हणजे तोतोरा नावाच्या लव्हाळ्याचे घोडे: मी पहिल्यांदा मूळ शब्द देते, पुढे रीड बोट, आणि त्यांना सर्फबोर्ड कधीच म्हणत नाही, ती मासेमारीची होडी आहे.

कायद्याचा मजकूर आला तर ‘रोंपिएन्ते’ येईल. पेरूने २००० साली लाटांच्या संरक्षणाचा कायदा केला, क्रमांक २७२८०, आणि त्याखाली नोंदलेली पहिली लाट चिकामाची, २०१६ मध्ये. तिथे ‘रोंपिएन्ते’ला सर्फ ब्रेक लिहा. न्यूझीलंडच्या २०१० च्या किनारा धोरणात हाच शब्द अधिकृतपणे आहे, त्यामुळे वकिलाने विचारलं तर दाखवायला आधार असतो. नुसतं ब्रेकर्स लिहिलंत तर फुटणारं पाणी वाचवताय असं होईल. कायदा ती जागा वाचवतो, तळाच्या वाळू-खडकासकट.

सर्फिंग येत नसल्याची काळजी करू नका, पण काम घेताना तीन गोष्टी लेखी मागा: इंग्रजी वाचक कुठला, प्रत्येक किनाऱ्याचा एक फोटो, आणि स्थानिक सर्फर असलेल्या कोणाशी तरी अर्धा तास बोलणं. त्या अर्ध्या तासात फक्त ‘रेसाका’, ‘बार्रा’ आणि उजवी-डावी विचारा. बाकीचं मॅजिकसीवीडसारख्या इंग्रजी अंदाजांची सवय लावून घेतलीत की आठवड्याभरात कानाला बसतं. ती साइट आता सर्फलाइनमध्ये मिसळली आहे, तिथे बघा. स्वेलचा काळ, दिशा आणि वारा या क्रमाने इंग्रजीत काय लिहितात ते रोज वाचा, आणि त्याच दिवसाचा तोच किनारा स्पॅनिश अंदाजात शेजारी उघडून ठेवा.